जमातीबाहेरचा डॉक्टर

मस्कतला गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी माझी ओळख करून द्यायचं. "हे डॉक्टर जगदाळे. पण आपले नाहीत हं, उंटांचे!" लोक हसायचे, मीही हसायचो. मग अल् खुवैरच्या एखाद्या बाई प्रसादाची द्रोणवाटी हातात देत विचारायच्या, "तिकडे मिळतं का हो सगळं?"

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे कोथिंबीर वगैरे."

कोथिंबीर मिळत नसे. बाकी पुष्कळ काही मिळालं, पण ते कुणी विचारलं नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं म्हणून सांगतो. गोड काही निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला तुमच्यापुढचं फराळाचं ताट आहेच.

मी ओमानमध्ये होतो, पण तुमचे मेहुणे-भाचे ओमानमध्ये असतात तसा नव्हतो. त्यांचं ओमान म्हणजे दार्सैतची दोन खोल्यांची जागा, पायी अंतरावरचं कृष्णाचं देऊळ, आणि जरा बस्तान बसलं की सीबला मोठं घर. माझं ओमान तिथून गाडीनं जवळजवळ दिवसभराच्या अंतरावर होतं. पांढुरक्या खडीचा माळ, इतका सपाट की त्यावर ठेवलेली पाण्याची टाकीसुद्धा डोंगरासारखी दिसावी. मधूनमधून बाभळीच्या जातीचं एखादं झाड. सरकारनं तिथल्या उंट-शेळ्या पाळणाऱ्या जमातीसाठी सिमेंटची घरं बांधली होती, मशीद, शाळा, आरोग्यकेंद्र आणि एक जनावरांचा दवाखाना. लोक घरांत सामान ठेवत आणि स्वतः बाहेर, झाडाला बांधलेल्या ताडपत्रीखाली राहत. त्या दवाखान्यात मी सतरा वर्षं काढली. जमातीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. माणसं थोडी आहेत, ओळखू येतील.

त्याआधी मी माण तालुक्यात झेडपीच्या दवाखान्यात होतो. धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर फटफटीनं फिरलेला माणूस. मला वाटलं, जनावरं पाळणारी माणसं जगात सगळीकडे सारखीच. जनावरांच्या बाबतीत ते खरं निघालं.

पत्नी सुनंदा पहिली तीन-चार वर्षं माझ्याबरोबर होती. मुलगा शाळेच्या वयाचा झाला तेव्हा जवळात जवळची भारतीय शाळा चार तासांवर होती. ती त्याला घेऊन साताऱ्याला गेली आणि मी राहिलो. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी सोडतो. इन्शाल्ला.

या जमातीची स्वतःची एक भाषा आहे, अरबीहून वेगळी, कुठे लिहिली न जाणारी. अरबी मी वर्षभरात कामापुरती शिकलो. ही दुसरी शिकवायला कुणी नव्हतं. शेळ्यांचे खूर तपासता तपासता कानावर पडेल तेवढी उचलत गेलो. चार-पाच वर्षांनी बरीच कळू लागली. एकदा दोघे आपापसात बोलत असताना मी उत्साहानं मध्येच त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. दोघे गप्पच झाले. मग माझी पाठ थोपटली, फार कौतुक केलं. आणि त्यानंतर माझ्या कानावर पडू नये असं काही असलं, की लोक उठून गाडीमागे जाऊन बोलू लागले. भाषा शिकल्याचं फळ ते.

आमच्या धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगायची तर, रोगी बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. काल काय खाल्लं विचारलं तर "नेहमीचंच." किती दिवस आजारी? "आजच." जनावराच्या तोंडात हात घातला की भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघाव्या तशा वस्तू निघतात, नायलॉनची दोरी, पिशवी, एकदा तर लहान मुलाची चप्पल. शर्यतीच्या उंटांचे मालक यायचे, चकचकीत गाडीतून. त्यांना असं इंजेक्शन हवं असे की उंट पळाला पाहिजे आणि तपासणीत सापडला नाही पाहिजे. "असं इंजेक्शन असतं तर मी स्वतःच घेऊन पळालो असतो," असं मी एकाला म्हणालो. त्यानं तक्रार केली. एक म्हातारी बुरख्यावाली बाई होती, स्वतः पिकअप चालवत यायची. शेजारच्या सीटवर शेळी, पट्टा लावून. नातू मागे हौद्यात, उन्हात. मी म्हटलं, "अगं, पोराला पुढे बसव." ती म्हणाली, "आजारी शेळी आहे. पोराला काय झालंय?"

आणि सालिम.

सालिम माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. अरबीत 'तुम्ही' नाही, सगळे अरे-तुरे. मला पहिलं वर्षभर जड गेलं, पण एकदा तोंडात बसल्यावर सालिमला मी मनातल्या मनातसुद्धा कधी अहो-जाहो केलं नाही. अंगानं वाळका, मेंदी लावलेली दाढी, डोळ्यांत कायम उन्हाची चिमटी. वस्तीत त्याच्या शब्दाला मान होता. माझी त्याची गाठ पडली ती मी नवा असताना. एका दुपारी त्याचा मुलगा सईद गाडी घेऊन आला. बापानं बोलावलंय, उंटीण अडली आहे.

उंटिणीचं गाभणपण तेरा महिन्यांचं. पिल्लाला लांब मान, लांब पाय. बाहेर येताना पुढचे पाय आणि त्यांच्यावर नाक, अशी वाट धरावी लागते. या पिल्लाची मान मागे वळून बरगडीवर टेकली होती. पाणमोट केव्हाच फुटलेली. मी खडीवर आडवा झालो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गाई-म्हशींत हे शेकडो वेळा केलेलं, पण उंटिणीच्या कळा वेगळ्या, हात चरकात घातल्यासारखा पिळला जातो. जबडा बोटांना लागायचा आणि निसटायचा. सालिम उंटिणीच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलत होता, त्यांच्या भाषेत, सलग, एका सुरात. शेवटी नाक हाताला लागलं. मान फिरवली, पायांना दोरी घातली आणि मी आणि सईदनं ओढलं. पिल्लू मादी होती. मेलीच असं वाटलं. मी तिच्या नाकातला चिकटा ओढून काढला, उलटं धरून हलवलं, तशी शिंकली.

सालिमनं तिचं नाव सम्हा ठेवलं. आणि माझा हात, सगळा भरलेला, दोन्ही हातांत धरून म्हणाला, "इन्त मिन्ना व फीना." तू आमच्यातलाच, आमच्या आतलाच. अरबीत हे कुणालाही म्हणतात, मला ठाऊक होतं. पण घरापासून इतक्या लांब, गुडघ्यापर्यंत चिकट झालेला मी, आणि कुणीतरी असं म्हणतंय. मी ते खरं धरलं.

पुढे रोज संध्याकाळी त्याच्या ताडपत्रीखाली माझी बैठक ठरलेली. कॉफी, खजूर, आणि जनावरांच्या वंशावळी. त्यांच्यात उंटांचं घराणं आईकडून मोजतात. कोण कुणाची लेक, कोण कुणाची नात. सालिमला मागच्या कितीतरी पिढ्या तोंडपाठ. ते ऐकताना मला आमच्याकडचे, गावोगाव वंशावळी सांगत फिरणारे हेळवी आठवायचे.

फक्त एका बाबतीत आमचं जमत नसे. धारोष्ण दूध. त्या लोकांत उंटिणीचं आणि शेळीचं दूध तसंच पितात, लाकडी भांड्यात काढून, फेसासकट. पाहुण्याला पहिलं भांडं देतात. मी ते कधी प्यायलो नाही. कच्च्या दुधातून काय काय येतं ते मला शिकवलं गेलेलं आणि दुधाचं पातेलं चुलीवर चढवल्याशिवाय आमच्या घरात दिवस उगवायचा नाही. उकळलं तर पितो, म्हणालो. सालिमनं कपाळावर हात मारला. दूध उकळलं की जनावराची कास जळते, आटते, असं त्यांच्यात पक्कं धरलेलं. "हिंदी पोट," असं म्हणून त्यानं विषय हसण्यावारी नेला. त्याची बायको तेव्हापासून मला चहा द्यायची, पावडरच्या दुधाचा. सम्हा मोठी झाली, व्याली, घरभर तिचं दूध पुरू लागलं. मी मात्र डब्यातल्या पावडरचाच चहा पीत राहिलो, आणि वर्षं गेली.

करोनाच्या आधीची गोष्ट. आरोग्यकेंद्रातल्या इजिप्शियन डॉक्टरनं मला बोलावलं. भला माणूस, कंटाळलेला. दार लावून म्हणाला, "तुझ्याकडे जनावरं गाभडतायत का?"

"माझ्याकडे तरी कुणी आणलेलं नाही. का?"

"एकाच घरातली तीन माणसं तापानं येतात. संध्याकाळी चढतो, घामानं अंथरूण भिजतं, सकाळी उतरतो. म्हाताऱ्याची कंबर धरली आहे. आणि सुनेचं दुसऱ्यांदा पोट पडलं."

घर सालिमचं होतं. सून म्हणजे सईदची बायको फातिमा. सईद तेव्हा तेल कंपनीच्या कॅम्पवर कामाला, पंधरा दिवसांनी घरी येई.

आमच्या पुस्तकात या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, माणसांत तोच माल्टा ताप. शेळी गाभडते, तिच्या दुधातून आणि वारेतून जंतू बाहेर पडतात, आणि कच्चं दूध पिणाऱ्याच्या हाडांत जाऊन बसतात. माणसाला गोळ्या आहेत, अनेक आठवडे घ्यायच्या. जनावराला उपचार नाही. नियम एकच, रोगी जनावर मारून पुरायचं आणि कळप अडवून ठेवायचा.

मी त्या संध्याकाळी गेलो. कॉफी झाली.

"सालिम, शेळ्या गाभडल्यात का?"

"अल्हम्दुलिल्लाह, सगळं ठीक आहे."

"सालिम."

तो काठीनं खडी उकरत राहिला. मग म्हणाला, "काही गाभडल्या. हिवाळ्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वर कळवशील म्हणून."

"सालिम, फातिमाचं..."

"घरातल्या बायकांचं नाव घेऊ नकोस." आवाज चढला नव्हता. पण इतक्या वर्षांत तो माझ्याशी तसा पहिल्यांदा बोलला.

मी रक्त काढलं. त्यानं अडवलं नाही, मदतही केली नाही. चाचणी साधी असते. पांढऱ्या फरशीवर रक्तातलं पिवळं पाणी थेंबभर, त्यात गुलाबी औषध थेंबभर, आणि फरशी हातात धरून हळूहळू डोलवायची. जनावर चांगलं असेल तर गुलाबी पाणी तसंच राहतं. रोगी असेल तर दूध नासल्यासारखे कण धरतात. मी डोलवत बसलो. घर नासत चाललं होतं. शेळ्या निम्म्याहून जास्त. उंटिणींत दोन, त्यातली एक सम्हा.

मी चाचणी पुन्हा केली. नवं औषध फोडून तिसऱ्यांदा केली. मग नमुने मस्कतला पाठवले आणि मनात म्हणत राहिलो, तिथून वेगळं येऊ दे. तिथूनही तेच आलं.

जनावरं न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगायला गेलो. सरकारी पत्र त्याला मिळालंच होतं, पण मला वाटलं, तोंडानं सांगावं. सम्हा मागे बसून रवंथ करत होती.

"शेळ्या ने," तो म्हणाला. "सगळ्या ने. हिला सोड."

"तिचंच दूध घरात सगळे पितात, सालिम. मुलं पितात."

"नाही पिणार. शपथ घेतो. ती नुसती राहील."

"ती पुन्हा व्याली की रोग पसरेल. तुझ्या भावाच्या उंटांत, शेजाऱ्याच्या."

"तू नको कळवूस. तिच्या जागी दुसरीचं रक्त दाखव. कुणाला कळणार?"

"मला कळेल."

तो सम्हाकडे वळला. मग शांतपणे म्हणाला, "हिच्या आजीच्या आजीचं नाव मला ठाऊक आहे. तुझ्या आजीच्या आजीचं सांग."

मला सांगता आलं नाही.

"बघ. तू पगारावर आलास, पगारावर जाशील. हिला लेक नाही, ही गेली की घराणं संपलं."

मी म्हणालो, "सालिम, तुझं घराणं उंटिणीचं आहे की सईदचं?"

हे वाक्य मी आजही मागे घेणार नाही. पण ते बोलताना माझा आवाज त्याच्या दारात बसलेल्या माणसाचा नव्हता, सरकारी माणसाचा होता, एवढं मला ऐकू आलं. तो उठून आत गेला. मला दारात एकटं सोडून आत जाणं त्यांच्यात फार मोठा अपमान.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडून ट्रक आणि माणसं आली. जनावरांवर लाल रंगाची खूण करायची होती. ट्रकबरोबर आलेल्यांचे हात रांगडे, म्हणून ते काम मी घेतलं. वस्तीतले पुरुष एका रांगेत उभे होते. शेळ्या पकडाव्या लागल्या. सम्हाला पकडावं लागलं नाही. तिच्या तळपायांवर, डोळ्यांवर, कासेवर सगळ्यांवर मी कधी ना कधी उपचार केलेले. मी हाक मारली आणि ती चालत आली. मान खाली करून माझा खिसा हुंगला, खजुरासाठी.

मी रंग लावला.

नुकसानभरपाई मिळाली, वेळेवर आणि पुरेशी. ती घेताना सालिम अधिकाऱ्यासमोर एक शब्द बोलला नाही, असं ऐकलं. माझ्याशी बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यानंतर माझ्या दवाखान्यासमोरून गाड्या जात, हौद्यात आजारी जनावर असे, आणि त्या सरळ पुढे तासा-दीड तासावरच्या दुसऱ्या दवाखान्यात जात. ती सीटबेल्टवाली म्हातारीसुद्धा. मी दार उघडं ठेवून बसायचो. वस्तीत दुकान चालवणारा मल्याळी कुट्टी तेवढा यायचा, त्याच्याकडे जनावर नव्हतं.

मग तक्रार गेली. हिंदी डॉक्टरच्या लसीमुळे शेळ्या गाभडल्या, आपली चूक झाकायला त्यानं रोगाचं नाव पुढे केलं, असं त्यात होतं. मुद्दा खुळा होता, कारण त्या कळपाला मी त्या वर्षी लस दिलेलीच नव्हती. पण जमातीच्या वीसेक माणसांनी मिळून केलेली तक्रार, चौकशी तर होणार. मी मस्कतच्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. मंत्रालयांच्या बाजूलाच त्यांचं ऑफिस, मंडळात मोठे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "डॉक्टर, बदूंच्या भानगडीत कशाला पडलात? सोडा, खलास. आता तरी मस्कतला या, आपल्या माणसांत." आपल्या माणसांत म्हणजे कोथिंबीर विचारणाऱ्यांत.

चौकशी वस्तीच्या सभागृहात झाली. मधोमध कॉफीचं थर्मास, भोवती भिंतीला टेकून सगळे. अधिकारी तरुण होता, किनाऱ्यावरचा, नीट बोलणारा. त्यानं कागदपत्रं पाहिली, मला विचारलं, मी सांगितलं. मग तो सालिमकडे वळला. तक्रारीवर सालिमचं नाव नव्हतं. भावाचं होतं, पुतण्यांचं होतं, त्याचं नव्हतं. मी त्यावर फार भरवसा ठेवला होता.

अधिकारी म्हणाला, "काका, तू याला सगळ्यांत जास्त ओळखतोस. याचं म्हणणं खरं आहे का? हा माणूस मुद्दाम असं करेल?"

सालिमनं हातातला रिकामा पेला खाली ठेवला.

"तो परका माणूस आहे," तो म्हणाला. "परक्याच्या मनातलं मला काय ठाऊक?"

एवढंच. खोटंही नाही बोलला.

मी त्याच्याकडे पाहत होतो, तो समोरच्या भिंतीकडे. मला वाटलं, एकदा तरी बघेल. नाही बघितलं. चौकशीत मी निर्दोष ठरलो. प्रयोगशाळेचे निकाल स्पष्ट होते, त्याला सालिमची साक्ष लागली नाही. मला मात्र लागली असती.

घरच्या माणसांना गोळ्या चालू झाल्या होत्या, त्यांनी पूर्ण घेतल्या. इजिप्शियन डॉक्टर अधूनमधून सांगायचा. म्हाताऱ्याची कंबर सुटली. ताप गेले. पुढच्या वर्षी एका सकाळी मी कुट्टीच्या दुकानात पाव आणायला गेलो तर काउंटरवर हलव्याचं मातीचं भांडं. ओमानी हलवा, केशर घातलेला.

"कुठून आलं?" मी विचारलं.

कुट्टी गडबडला. "सालिमच्या घरून, डॉक्टरसाब. सईदला मुलगा झाला. सगळीकडे वाटलं काल. शाळेत, मशिदीत, तो गटार साफ करणारा बंगाली आहे ना, त्यालाही." मग त्यानं चमचा पुढे केला. "आप खाओ ना इसमें से."

मी म्हणालो, मला गोड चालत नाही. पाव घेतला आणि घरी आलो. त्या दिवशी मला राग आला, तो त्या चौकशीच्या दिवशीही आला नव्हता. तो मुलगा जिवंत जन्मला त्याच्यात माझा काहीतरी वाटा होता, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. कुणाजवळ बोलायचं? सुनंदाला फोन केला तर ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम केलंत ना? मग झालं." ती बरोबरच होती. पण इतकी वर्षं मी तिथे नुसतं काम करत होतो असं मला वाटत नव्हतं, हीच तर गोम होती.

त्या वर्षअखेरीला माझा करार वाढवला नाही. पत्रात तसं काही नव्हतं, पण चौकशीशी त्याचा संबंध नाही असं मला सांगण्यात आलं. देशातली मुलं पशुवैद्य होऊन बाहेर पडू लागली होती, जागा त्यांना द्यायच्या होत्या. यात चूक काहीच नाही. माझ्या जागी आलेला मुलगा चांगला होता, आदरानं वागला. मी त्याला औषधांचं कपाट दाखवलं, विहिरींच्या वाटा दाखवल्या, कुठल्या मालकाचं "आजच" म्हणजे आठवडा ते सांगितलं. आम्ही दोघे दवाखान्याच्या पायरीवर उभे असताना समोर एक पिकअप थांबली, मागच्या कित्येक महिन्यांतली पहिली. हौद्यात शेळी होती. उतरलेला माणूस माझ्यासमोरून जाऊन त्या मुलाच्या गळ्यात पडला, नाकाला नाक लावलं, खुशाली विचारली. त्याच मालकाच्या घोड्याचा पाय मी वाचवला होता. मी आत जाऊन सामान बांधलं.

निघायच्या दिवशी सालिमकडे जावं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. गेलो नाही. त्याचं घर रस्त्यावरच होतं. कुट्टी गाडी चालवत होता, त्यानं ताडपत्रीजवळ आपण होऊन वेग कमी केला. खाली कुणी बसलेलं दिसलं. कोण ते कळलं नाही, ऊन डोळ्यांवर होतं. मी म्हणालो, "यल्ला, चल."

आता साताऱ्यात असतो. सकाळी गोडोलीच्या बाजूला फिरायला जातो, शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं फुकट तपासतो. तिकडचा फोन नंबर बंद केला, पण व्हॉट्सॲप राहिलं. गेल्या उन्हाळ्यात त्यावर एक आवाजी निरोप आला. सईदचा.

त्या लोकांची बोलण्याची एक रीत आहे. भेटल्यावर आधी विचारायचं, काही खबर? समोरच्यानं म्हणायचं, काही खबर नाही, सगळं ठीक. घरात प्रेत असलं तरी पहिलं उत्तर हेच. खरी खबर नंतर येते, कॉफी झाल्यावर, कुणी विचारली तर. सईदनं ती रीत सोडली नव्हती. सलाम, तब्येत, बायको-मुलं, पाऊसपाणी. मग म्हणाला, "दक्तूर, माझी एक उंटीण आहे, गाभण. खाणं सोडलंय, कास एका बाजूनं दगडासारखी. इथला डॉक्टर सुट्टीवर आहे. तुझं नाव आठवलं."

मी निरोप पाठवला, काही खबर?

"काही खबर नाही. सगळं ठीक."

"तुझा बाप कसा आहे?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. "बाप रमदानमध्ये गेला. अल्ला त्याच्यावर दया करो."

मी व्हरांड्यात बसलो होतो. सुनंदा आत कुकर लावत होती. त्यांच्यात अशा वेळी जे म्हणतात ते मी त्यांच्या भाषेत म्हटलं, अरबीत नाही. इतक्या वर्षांनी जीभ अडखळली. मग विचारलं, "शेवटी शेवटी माझी आठवण काढायचा का?"

सईद बापासारखाच. खोटं बोलला नाही.

"नाही, दक्तूर. त्यानं घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही." पाठोपाठ दुसरा निरोप. "औषध माझ्याजवळ आहे. फक्त किती द्यायचं ते सांग."

मी उंटिणीचं अंदाजे वजन विचारलं.